सीमोन मास्तरांची कबुली

“घोडी निमित्तमात्र आहे, प्रफुल्ला,” उजागरे गुरुजी म्हणाले. “लाथ कोणी मारली हे बघायचं नसतं. मारायला लावली कोणी, हे बघायचं असतं.”

मी स्वयंपाकघराच्या दारात बसून बाबांसाठी तांदळाची पेज फडक्यातून गाळत होते. गुरुजी आमच्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले होते आणि बाबा खाटेवर. बाबांचा जबडा तारांनी आवळून बांधलेला होता. वरचे चार दात गेले होते आणि त्या फटीतून रबरी नळी घालून जेवढं पोटात जाईल तेवढंच त्यांचं जेवण. दहा दिवसांपूर्वी एका वरातीत नवरदेवाची घोडी फटाक्यांना बुजली आणि तिनं मागे लाथ झाडली. मागून बाबा ट्रंपेट वाजवत चालले होते. लाथ ट्रंपेटवर बसली आणि ट्रंपेट तोंडावर.

“म्हणजे घोडीला देवानं सांगितलं?” मी विचारलं.

“सांगायला कशाला लागतं? तिचा धनी तोच. आपला धनीही तोच.” गुरुजींनी बिनसाखरेच्या काळ्या चहाचा घोट घेतला. दुःखी घरी ते नेहमी बिनसाखरेचा चहा घेत. “सीमोन, तुझ्या तोंडावरच का बसली लाथ? पायावर का नाही? पाठीवर का नाही? विचार कर. ज्या तोंडानं तू रविवारी देवाची गाणी वाजवतोस, त्याच तोंडानं तू मिरवणुकांत जाऊन काय वाजवतोस?”

बाबा मान खाली घालून ऐकत होते.

ही एक्काहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दूरच्या शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांसाठी पंधरा दिवसांची रजा काढून कासारखेडला आले होते. घरात आम्ही दोघंच. आई मी आठ वर्षांची असताना गेली होती. बाबा चर्चमध्ये उपासनेला ट्रंपेट वाजवत आणि एरवी बँडमध्ये; लग्न, गणपती, उरूस, जो बोलवील त्याच्याकडे. बँडवाले त्यांना मास्तर म्हणत. आमच्या मिशन कंपाउंडात मात्र मास्तर एकच, उजागरे गुरुजी. मिशनच्या शाळेतून ते निवृत्त झाले होते. पण पोरांना शिक्षा करायची चाळीस वर्षांची सवय निवृत्त झाली नव्हती. आता ते मोठ्यांना धरत. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणी पडलं, कुणाचं जनावर मेलं, की गुरुजी दोन दिवसांत हजर. प्रार्थना करायची, चहा घ्यायचा आणि हे कशामुळे झालं ते सांगायचं. रूथमावशीला मोतीबिंदू झाला, तो तिनं टुरिंग टॉकीजमध्ये पाहिलेल्या तीन सिनेमांमुळे, हा शोध त्यांचाच. मावशी बिचारी डोळ्यांवर पट्टी बांधून तीन का चार ते आठवत बसली होती.

मला वाटलं बाबा हसतील. डोळ्यांनी तरी. रूथमावशीच्या वेळी ते पोट धरून हसले होते.

“एक सांगतो, सीमोन,” गुरुजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नको. बाप काय शेजाऱ्याच्या पोराला मारतो? शेजाऱ्याचं पोर उनाडक्या करत फिरलं तर फिरू देतो. मारतो तो आपल्या पोराला. देवानं तुला मारलं, याचा अर्थ काय? त्यानं तुला सोडलेलं नाही. अजून तू त्याच्या हिशेबी पोरगाच आहेस.”

बाबांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते. मी बघत राहिले. चार दात पाडून, जबडा मोडून वर कुणी म्हणतो की हे मायेनं केलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं काही दिसत होतं, की कुणीतरी त्यांना बक्षीस आणून दिलंय. मला त्या दोघांचीही शिसारी आली.

“असली माया आमच्या वॉर्डात रोज येते, गुरुजी,” मी म्हणाले. “नवऱ्यांनी केलेली. बायका तेच सांगतात, मायेनं मारलं म्हणून.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो घरूनच लिहून आणला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. त्याआधी बाबांनी मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यायची आणि मग त्यांना भोजनाला बसता येईल, असं पंचकमिटीत ठरलं होतं. पंचकमिटीत गुरुजी होते, आणि गुरुजी म्हणतील त्याला मान डोलवणारे चार जण. पाळक वडागळे साहेब नवीन होते, वयानं लहान होते आणि गुरुजींच्या शाळेत शिकलेले होते. त्यामुळे त्यांचं मत विचारायचा प्रश्न नव्हता.

“बाबा बोलू शकत नाहीत,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तू वाचायचंस.”

मी नाही म्हणणार होते. पण बाबांनी खाटेखालची पाटी घेतली. तारा बांधल्यापासून ते पाटीवरच लिहीत. दात आवळून बोललं की आवाज विचित्र यायचा, त्याची त्यांना लाज वाटे. त्यांनी लिहिलं, “ती वाचेल.”

गुरुजी गेल्यावर मी तो कागद उघडला. गोल, सुंदर अक्षर. ‘मी, सीमोन लाझर गोर्डे, देवानं दिलेल्या श्वासाचा व मुखाचा परक्यांच्या मिरवणुकांत दुरुपयोग केला, आणि त्याबद्दल माझ्या स्वर्गीय पित्यानं मला योग्य शिक्षा केली हे मी कृतज्ञतेनं मान्य करतो.’ असं पानभर. कृतज्ञता तीन वेळा होती.

“हे तुम्हांला मान्य आहे?” मी विचारलं.

बाबांनी पाटी खाटेखाली सारली. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या रविवारपर्यंत पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी काय करायचं ते ठरवून टाकलं. गुरुजींची बायको, सोफियाबाई, बारा वर्षं संधिवातानं अंथरुणाला खिळली होती. हातापायांची बोटं वाकडी झालेली, कूस बदलायलाही माणूस लागायचं. गुरुजी सगळ्या कंपाउंडाच्या दुखण्यांचं निदान करत फिरत, पण स्वतःच्या घरातल्या खाटेबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. त्याबद्दल त्यांना विचारायचं वाक्य मी मनात घोळवत होते. भांडी घासताना, पेज गाळताना. कसं म्हणायचं, कुठे थांबायचं. एवढा आनंद मला त्या वर्षात कशानंच झाला नव्हता.

रविवारी चर्च भरलेलं होतं. बाबा पहिल्या बाकाच्या टोकाला बसले होते, डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधलेली. वडागळे साहेबांनी पुटपुटत माझं नाव घेतलं. मी उठले, वेदीच्या कठड्यापाशी गेले आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग कागदाची घडी घातली.

“पुढचं वाचण्याआधी मला गुरुजींना एक विचारायचं आहे,” मी म्हणाले. “माझ्या बाबांना लाथ बसली आणि गुरुजींना दहा दिवसांत कारण कळलं. सोफियाबाई बारा वर्षं अंथरुणाला आहेत. ते कुणाच्या पापामुळे? त्यांच्या, की गुरुजींच्या?”

आणि मग मला सोफियाबाई दिसल्या. पहिल्या रविवारी त्यांना खुर्चीत बसवून चौघे उचलून आणत आणि बाजूच्या खिडकीपाशी ठेवत, हे मी विसरून गेले होते. पाच दिवस वाक्य घोळवत होते. पण ते त्यांच्या कानांवर पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी जमेल तेवढी मान वळवली होती आणि नवऱ्याकडे बघत होत्या. त्याही उत्तराची वाट बघत होत्या.

गुरुजी उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शाळेतलाच.

“ती शिक्षा नाही,” ते म्हणाले. “ती परीक्षा आहे.”

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. सोफियाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, झालं, जिंकले मी. कागद फाडण्यासाठी मी दोन्ही हातांत धरला.

तेवढ्यात तो कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला. बाबा होते. ते माझ्या शेजारी उभे राहिले, घडी उलगडली आणि वाचायला लागले. तारांमागून, दात आवळून. “मी, हीमोन लाहर गोरहे,” असं. शब्द फुटत नव्हते. ओठांच्या कडेनं लाळ गळत होती, ती ते बाहीनं पुसत आणि पुन्हा वाचत. पानभर कागदाला किती वेळ लागला, सांगता येत नाही. एकही ओळ त्यांनी सोडली नाही. तिन्ही कृतज्ञता वाचल्या. मंडळीला निम्मं कळलं नसेल. मला सगळं कळलं, कारण मला तो कागद पाठ होता. मी तिथून निघून गेले असते तर बरं झालं असतं. पण मी तिथंच उभी राहिले.

नंतर त्यांनी भोजन घेतलं. भाकरीचा तुकडा द्राक्षरसात भिजवून, चुरून, फटीतून आत सारला. मी घेतलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, “सोफियाबाईंची माफी माग.”

“आणि गुरुजींची?”

त्यांनी पहिल्या शब्दाखाली रेघ ओढली. सोफियाबाईंची.

दुपारी तीनच्या सुमाराला मी गेले. गुरुजी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला गेले होते; त्यांचा रविवार कधी वाया जात नसे. सोफियाबाई खाटेवर होत्या. मी म्हणाले, “बाई, मी तुमच्याबद्दल तसं चारचौघांत बोलायला नको होतं.”

“उशी जरा वर घे,” त्या म्हणाल्या. मी उशी सारखी केली, त्यांना थोडं वर ओढलं. “नर्सिंगचा हात आलाय तुला. माफी कसली मागतेस? बारा वर्षं मला तेच विचारायचं होतं. मी विचारलं असतं तर यांनी प्रार्थना सुरू केली असती.” त्यांनी मान उशीवर टेकली. “ऐकलंस ना उत्तर? परीक्षा. बारा वर्षं पेपर मी देतेय आणि पास हे होतायत.”

मला हसू आलं आणि त्याही हसल्या. मग त्यांना कळ आली म्हणून त्या गप्प झाल्या. निघताना म्हणाल्या, “तुझ्या बापाला हसू नको पण. त्यानं वाचलं ते यांचं लिहिलेलं नव्हतं.”

“गुरुजींचंच होतं. अक्षरसुद्धा.”

“कागद यांचा असेल,” त्या म्हणाल्या. “मी माणसाचं तोंड बघते. मला दुसरं काम काय असतं?”

मी घरी आले. बाबा खाटेवर बसले होते. मी पेज गरम करून पेल्यात ओतली, नळी घातली. त्यांनी पेला बाजूला ठेवला. मी सोफियाबाईंचं बोलणं सांगितलं, पास होण्याचंही. बाबा हसले नाहीत.

“आता तुम्ही सांगा,” मी म्हणाले. “मिरवणुकीत वाजवल्याचं पाप वाटतं तुम्हांला?”

पाटीवर आलं, “नाही.”

“मग सगळ्या गावापुढे लाळ गाळत ते वाचलंत कशाला? मी सोडवत होते तुम्हांला.”

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, पुसलं, लिहिलं. पाटी लहान होती. एका वेळी एखादंच वाक्य मावे, ते मला दाखवायचे आणि तळहातानं पुसायचे.

“तुझी आई.”

“त्या दिवशी तू आलीस.”

“माझी बाही ओढलीस.”

मला आठवत होतं. मे महिना होता. आईला सातवा महिना. ती मोरीपाशी बसली होती, तिचं लुगडं खालून भिजत चाललं होतं, आणि ती म्हणाली, पळ, बाबांना बोलाव, टांगा आणायला सांग. वरात दोनच गल्ल्या पलीकडे होती. मी नाचणाऱ्यांच्या पायांतून वाट काढत बाबांपर्यंत गेले आणि त्यांच्या लाल कोटाची बाही ओढली. त्यांनी ट्रंपेट तोंडावरून न काढता हात झटकला. मी पुन्हा ओढली. त्यांनी पुन्हा झटकला. लोक पैसे ओवाळत होते, बाबांचा तुकडा रंगात आला होता. मी परत आले. नंतर शेजाऱ्यांनी टांगा आणला. आई दवाखान्याच्या फाटकातच गेली.

बाबांशी मी याबद्दल कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, त्यांनी मला ओळखलंच नाही. गर्दीतलं कुणाचं तरी पोर समजून हात झटकला.

“तू आहेस हे मला कळलं होतं,” त्यांनी लिहिलं.

मग लिहिलं, “तुकडा संपवायचा होता.”

त्यांनी पाटी पुसली.

“मातीच्या वेळी गुरुजी म्हणाले, यात तुझा दोष नाही.”

“सगळे तेच म्हणाले.”

“अकरा वर्षं मला कुणी शिक्षा केली नाही.”

खडू मोडला. त्यांनी दुसरा तुकडा शोधला. अक्षर मोठं आणि स्पष्ट काढलं, पोरांच्या वहीतल्यासारखं.

“तू नर्स आहेस. सांग.”

“काय सांगू?”

“तेव्हाच आलो असतो तर?”

त्या सहामाहीत आम्हांला बाळंतपणातला रक्तस्राव शिकवला होता. पाव पाव तासाला काय होतं, नाडी कशी पडत जाते, हे मला पाठ होतं. आमच्या सिस्टर ट्यूटरनी हेही शिकवलं होतं, की नातेवाइकांनी असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. जे झालं ते कुणाच्या हातात नव्हतं, एवढंच म्हणायचं. आईच्या मातीला जमलेल्या सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. उजागऱ्यांनीही. दोष होता तेव्हा त्यांनी दोष नाही म्हटलं आणि नव्हता तेव्हा कागद लिहून आणला. मला त्या माणसासारखं काहीही बोलायचं नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघत होते. सकाळी सोफियाबाई नवऱ्याकडे बघत होत्या तसे.

“वाचली असती,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. छातीतून एक लांब श्वास सोडला, नाकावाटे, कारण तोंड बंद होतं. मग हात पुढे करून पेला मागितला.

“गार झालीय. गरम करून आणते.”

त्यांनी मान हलवली आणि तशीच प्यायले. सबंध पेला. दहा-पंधरा दिवसांत त्यांनी पहिल्यांदा पेला रिकामा केला होता. मग आडवे झाले आणि उन्हं कलली तरी घोरत होते.

चौथ्या दिवशी मी परत गेले. तारा निघाल्या, कवळी आली. पुढच्या गणपतीत बाबा मिरवणुकीत वाजवत होते, आणि गुरुजी चौकशीला आले तेव्हा त्यांना म्हणाले, “त्याची शिक्षा होऊन गेली ना, गुरुजी. एकाच गोष्टीची दोनदा करतो का देव?” हे बाबांनी मला पत्रात लिहिलं. ते पूर्वी कधी पत्रात असलं काही लिहीत नसत. कंपाउंडातले लोक म्हणत, सीमोन मास्तर फार मोकळा झालाय. गुरुजी ते स्वतःच्या कागदाचं यश म्हणून प्रार्थनासभांत सांगत, मरेपर्यंत सांगत राहिले. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

तीन वर्षांनी माझी नेमणूक बाळंतपणाच्या वॉर्डात झाली. तिथं चंद्रिकाबाई नावाच्या जुन्या नर्स होत्या. बोलता बोलता कळलं, की साठ साली त्या कासारखेडला होत्या. मी आईचं नाव सांगितलं. त्यांना आठवलं. फाटकापाशी टांग्यातून उतरवून घ्यायला त्याच धावल्या होत्या.

“अगं, तिची वार खाली, बाळाच्या वाटेतच होती,” त्या म्हणाल्या. “सातव्या महिन्यात असं भळभळलं की तेव्हा काय होतं आमच्याकडे? रक्त द्यायची सोय नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि तो दिवस त्यांचा नव्हता. दवाखान्याच्या दारात येऊन राहिली असती तरी हाती लागली नसती.”

“तासभर आधी आणली असती तर?”

“सकाळी आणली असती तरी.”

त्या शनिवारी मी रजा टाकली आणि कासारखेडला गेले. एस.टी.त सबंध वेळ ते बाबांना सांगायचं वाक्य जुळवत होते. घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात बसून दोन नव्या बँडवाल्यांना फुंकायला शिकवत होते. त्यांच्या कवळीमुळे सूर थोडा फाटत होता, ते स्वतःच त्यावर हसत होते. मला बघून त्यांनी ट्रंपेट लगेच खाली ठेवलं, अर्धी ओळ तशीच सोडून, आणि उठून माझ्या हातातली पिशवी घेतली.

“अशी अचानक?” ते म्हणाले. “काही सांगायचं होतं का?”

त्यांचा चेहरा भरला होता. झोप नीट लागत असणार.

“नाही,” मी म्हणाले. “सहज आले.”